वर्गातले स्वमग्न मूल: आधी समजून घेणे, मग शिकवणे

स्वमग्न मुलाबद्दल शाळेतून घरी येणाऱ्या तक्रारी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. हाक मारली तरी बघत नाही, सांगितलेले ऐकत नाही, मध्येच कानांवर हात ठेवून ओरडतो, एकाच विषयावर बोलत राहतो, मुलांत मिसळत नाही. या तक्रारींतले वर्णन बहुधा खरे असते. चुकतो तो त्यावरून काढलेला अर्थ. मूल हट्टी आहे, लाडावलेले आहे किंवा त्याला घरी वळण लावलेले नाही, असा समज एकदा पक्का झाला की उपायही त्याच वाटेने जातात: दटावणे, शिक्षा करणे, वर्गाबाहेर उभे करणे. त्याने मूळ अडचण सुटत नाही आणि मुलाची भीती मात्र वाढते. स्वमग्नता म्हणजे काय हे या लेखात सांगायचे आहेच, पण त्याहून अधिक भर एका गोष्टीवर द्यायचा आहे. मुलाचे वागणे बदलायला निघण्याआधी त्या वागण्याचे कारण शोधले पाहिजे, आणि ते कारण पुष्कळदा मुलाभोवतीच्या परिस्थितीत सापडते.

स्वमग्नता म्हणजे नेमके काय

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासाची वेगळी घडण असून ती जन्मापासून असते आणि आयुष्यभर राहते. ती संसर्गाने होत नाही, औषधाने जात नाही. मात्र योग्य साथ मिळाली तर मूल शिकते, संवाद साधू लागते आणि स्वतःच्या अडचणींतून मार्ग काढू लागते. निदान करताना तज्ज्ञ प्रामुख्याने दोन बाजू तपासतात. पहिली बाजू इतरांशी होणाऱ्या देवाणघेवाणीची: नजर, हावभाव, बोलण्यातली आपली पाळी ओळखणे, मैत्री करणे आणि टिकवणे. दुसरी बाजू पुनरावृत्तीची आणि ठरावीकपणाची: हात फडफडवणे, वस्तू ओळीने लावत राहणे, ठरलेल्या क्रमात बदल सहन न होणे, एखाद्या विषयात कमालीचे रमणे, आणि आवाज, स्पर्श, प्रकाश किंवा वास यांना इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार क्षीण प्रतिसाद देणे. यांतली शेवटची गोष्ट, म्हणजे संवेदनांचा वेगळेपणा, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत, निकष म्हणून आली. त्याच आवृत्तीने ॲस्पर्जर सिंड्रोमसारखी वेगवेगळी निदाने एकत्र करून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' हे एकच निदान ठेवले, आणि एकाच मुलाला स्वमग्नता व एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्थिर बसणे अवघड करणारी अवस्था) अशी दोन्ही निदाने देण्याची मुभाही तिनेच दिली. जुने वैद्यकीय अहवाल वाचताना हे लक्षात ठेवले तर बराच गोंधळ टळतो.

स्पेक्ट्रम म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक सरळ पट्टी येते, जिच्या एका टोकाला 'थोडी' स्वमग्नता असते आणि दुसऱ्या टोकाला 'खूप'. प्रत्यक्षात प्रत्येक मुलात प्रत्येक क्षमतेची पातळी वेगळी असते. एखादे मूल मोठ्यांसाठी लिहिलेले पुस्तक सफाईने वाचते, पण त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही आणि तहान लागल्याची जाणीवही वेळेवर होत नाही. दुसरे मूल एक शब्द बोलत नाही, पण वर्गातल्या प्रत्येकाचे दप्तर कुठे ठेवलेले असते हे त्याला बिनचूक ठाऊक असते. साधारण पाव ते एक तृतीयांश स्वमग्न मुले अजिबात बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द वापरतात, आणि न बोलणे म्हणजे न समजणे असे गृहीत धरणे ही त्यांच्या बाबतीत होणारी सर्वांत घातक चूक आहे. काही मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता, अपस्मार, झोपेच्या किंवा पोटाच्या तक्रारी, चिंताविकार हेही बरोबर असतात. म्हणून 'सौम्य' हा शब्द मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. बाहेरून सौम्य दिसणारे मूल दिवसभर स्वतःला सावरून धरत असते आणि घरी पोचल्यावर कोसळते. शाळेला वाटते की काही अडचणच नाही, आणि आईवडिलांचे म्हणणे कोणाला खरे वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे १ व्यक्ती स्वमग्न होती. मुलग्यांमध्ये निदान मुलींच्या तिपटीहून अधिक होते, पण या फरकाचा काही भाग मुली निदानातून निसटतात म्हणून असतो. अनेक मुली आजूबाजूच्या मुलींचे हसणे, बोलणे, उभे राहणे हुबेहूब उचलतात. त्यांच्या आवडीचे विषयही पुस्तके, प्राणी असे सर्वसामान्य वाटणारे असतात, आणि त्या विषयांतली त्यांची तीव्रता कोणाच्या नजरेत भरत नाही. अशी मुलगी 'लाजाळू' म्हणून शालेय वर्षे काढते आणि किशोरवयात चिंता किंवा नैराश्य घेऊन डॉक्टरांपुढे येते.

दोष कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणारे लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्जर यांनी अशाच काही मुलांबद्दल लिहिले. त्यांच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोतील बालमानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी ६ मुलग्यांची जी निरीक्षणे नोंदवली, ती आजच्या निकषांशी थक्क करण्याइतकी जुळतात. पण ती बराच काळ दुर्लक्षित राहिली. कॅनर यांच्या लेखानंतरची दोन-तीन दशके आयांच्या वाट्याला फार वाईट आली. आईच्या थंडपणामुळे मूल आपल्या कोशात जाते, असा सिद्धान्त प्रतिष्ठित तज्ज्ञ मांडत होते आणि त्यापायी मुलांना घरापासून दूरही केले जात होते. १९७७ साली सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकबीज जुळ्यांपैकी ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली आणि द्विबीज जुळ्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. अभ्यास लहान होता, पण आनुवंशिकतेकडे बोट दाखवणारा होता, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांनी त्याला बळकटी दिली. आज शेकडो जनुकांचा संबंध दिसून आलेला आहे. कोणतेही एकच कारण मात्र नाही.

लसीचा वाद याच ओघात निकालात काढायला हवा, कारण तो अजूनही पालकांची झोप उडवतो. १९९८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा केवळ १२ मुलांवर आधारलेला लेख आला आणि गोवर-गालगुंड-रुबेला लसीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. २०१० साली नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांची ब्रिटनमधली वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण जास्त आढळले नाही. स्वमग्नतेची लक्षणे नेमकी ज्या वयात नजरेत येतात, त्याच वयात ही लस दिली जाते. गैरसमजाचे मूळ या योगायोगात आहे. शरीरातले धातू काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी औषधे, ब्लीचसारखी रसायने, महागडे विशेष आहार आणि 'पूर्ण बरे करण्याची' हमी यांच्यापासून पालकांनी लांब राहावे. यांतल्या काही उपायांनी मुलांचे जीव गेले आहेत.

निदान कसे होते

रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने स्वमग्नता कळत नाही. बालविकासतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मुलाचे निरीक्षण करतात, त्याच्याशी खेळतात आणि पालकांकडून जन्मापासूनची हकिकत विचारून घेतात. वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली असता न वळणे, दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू न दाखवणे, 'बघ' म्हणून आपली गंमत दुसऱ्याला दाखवायला न येणे आणि आलेले शब्द नाहीसे होणे या खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. यांतली बोट दाखवण्याची खूण विशेष महत्त्वाची आहे. हवी असलेली वस्तू मागण्यासाठी मोठ्यांचा हात धरून तिच्याकडे नेणे वेगळे, आणि आकाशातल्या विमानाकडे बोट करून मग आईच्या चेहऱ्याकडे पाहणे वेगळे. दुसऱ्या कृतीत मूल आपला अनुभव वाटून घेत असते आणि पुढची भाषा याच वाटून घेण्यावर उभी राहते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांनी भरायच्या चाळणी-प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. त्या निदान करत नाहीत, फक्त पुढची तपासणी हवी की नको एवढे सांगतात. निदान होईपर्यंत मदत थांबवून ठेवण्याचे मात्र काहीच कारण नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही मुलाला अपायकारक नाहीत.

वर्ग त्या मुलाला कसा जाणवतो

रिकाम्या वर्गात त्या मुलाच्या जागेवर पाच मिनिटे बसून पाहावे, असे मी प्रत्येक शिक्षकाला सुचवेन. पंख्याची कुरकुर, ट्यूबलाइटचे बारीक गुणगुणणे, खिडकीतून बाकावर पडणारी आणि हलणारी उन्हाची तिरीप, शेजारच्या वर्गातून येणारे पाढे, फळ्यावरच्या खडूचा आवाज. आपला मेंदू यांतले बहुतेक काही मागे ढकलतो आणि शिक्षकाचा आवाज पुढे आणतो. अनेक स्वमग्न मुलांच्या बाबतीत ही निवड आपोआप होत नाही आणि सगळे एकाच जोराने आत येते. शर्टाच्या गळ्यामागचे लेबल टोचत असेल तर ते तासन्‌तास टोचतच राहते. याउलट काही मुलांना संवेदना कमी पोचतात. ती भिंतीवर आदळतात, गोल फिरतात, पेन्सिल चावतात, कारण त्यांच्या शरीराला तेवढ्या जोराची गरज असते. एकच मूल आवाजाला अतिसंवेदनशील आणि वेदनेला मंद असू शकते, आणि म्हणूनच पडून गुडघा फुटल्यावर न रडणारे मूल घंटेच्या आवाजाने रडते.

हात फडफडवणे, झुलणे, बोटांशी चाळा करणे याला स्टिमिंग म्हणतात. स्वतःला शांत करण्याचा किंवा आनंद व्यक्त करण्याचा तो एक मार्ग आहे. त्याने कोणाला इजा होत नसेल तर तो थांबवायचा कशासाठी, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. 'बरे दिसत नाही' हे पुरेसे कारण नाही. 'माझ्या डोळ्यांत बघून बोल' हा आग्रहही असाच सोडून द्यावा. अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितले आहे की नजर भिडवण्यात इतकी शक्ती खर्च होते की समोरचा काय बोलतो त्याकडे लक्षच उरत नाही. मूल खिडकीकडे पाहत असले तरी ते ऐकत असू शकते. खात्री करायची असेल तर सांगितलेले त्याच्याकडून करून घ्यावे.

भाषेची अडचण याहून सूक्ष्म असते. 'पुढच्या पानावरचे उदाहरण सोडवू शकशील का?' असे विचारल्यावर मूल 'हो' म्हणते आणि स्वस्थ बसून राहते. त्याने उद्धटपणा केलेला नाही. विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिले आहे. त्याला 'पुढच्या पानावरचे तिसरे उदाहरण वहीत सोडव' असे सांगायला हवे होते. 'तोंडाला कुलूप लाव', 'हवेत उडू नकोस', 'जरा डोके चालव' ही बोलण्यातली वळणे त्याला शब्दशः ऐकू येतात. काही मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणतात. तहान लागलेले मूल 'तुला पाणी हवे का?' असे म्हणते, कारण पाणी मिळण्याच्या वेळी त्याच्या कानावर नेहमी हेच वाक्य पडलेले असते. ही पोपटपंची नाही, ती मागणीच आहे. अशा वेळी त्याला चूक दाखवत बसण्यापेक्षा पाणी पुढे करून 'मला पाणी हवे' असे त्याच्या वतीने म्हणावे, आणि हे पुन्हा पुन्हा करत राहावे. टीव्हीवरच्या कार्यक्रमातले एखादे वाक्य मूल भलत्याच ठिकाणी म्हणते तेव्हाही, ते वाक्य मूळ प्रसंगात कोणत्या भावनेशी जोडलेले होते हे शोधले तर अर्थ पुष्कळदा हाती लागतो.

सामाजिक समज कमी म्हणून ही मुले इतरांना ओळखू शकत नाहीत, असे दीर्घकाळ सांगितले गेले. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली या म्हणण्यातली एकांगी बाजू दाखवली. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचणे अवघड जाते हे खरे, पण इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन वाचता येत नाही, म्हणजे गैरसमज दोन्हीकडून होतो. आणि जुळवून घेण्याचे ओझे मात्र एकाच बाजूवर टाकले जाते. शाळेच्या दृष्टीने हा मुद्दा अत्यंत व्यावहारिक आहे. स्वमग्न मुलाला 'मैत्री कशी करावी' हे शिकवण्याचे तास ठेवले जातात, परंतु वर्गातल्या बाकीच्या तीस-चाळीस मुलांना या मुलाशी कसे बोलावे हे कोणीच सांगत नाही.

वर्गात काय करता येते

सर्वांत आधी, दिवसाचा अंदाज येऊ द्यावा. पुढे काय होणार हे न कळणे स्वमग्न मुलासाठी मोठा ताण असतो. म्हणून दिवसातल्या प्रत्येक गोष्टीचे चित्र असलेली कार्डे एका पट्टीवर वरून खाली क्रमाने लावतात: प्रार्थना, गणित, भाषा, मधली सुट्टी, चित्रकला, घरी जाणे. एकेक गोष्ट संपली की मूल स्वतःच्या हाताने ते कार्ड काढून 'झाले' असे लिहिलेल्या पाकिटात टाकते. काय संपले, आता काय चालू आहे आणि किती उरले आहे, हे तिन्ही त्याला एका नजरेत दिसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात उभ्या केलेल्या 'टीच' कार्यक्रमाने ही रचनाबद्ध पद्धत जगभर नेली. बोललेला शब्द हवेत विरतो आणि चित्र समोर टिकून राहते. स्मरणशक्तीवरचा भार त्यामुळे हलका होतो. वाचता येणाऱ्या मुलासाठी चित्रांऐवजी लिहिलेली यादी पुरते. बदल होणार असेल, उदाहरणार्थ पावसामुळे खेळाचा तास रद्द होणार असेल, तर तोही या पट्टीवरच दाखवावा: खेळाचे कार्ड काढून त्या जागी दुसरे कार्ड मुलाच्या देखत लावावे आणि कारण एका वाक्यात सांगावे. वेळापत्रक मुलाला कडक शिस्तीत बांधण्यासाठी नसते; बदल पचवायला शिकवण्याचे ते साधन आहे, आणि हे विसरले गेले तर मूल त्या पट्टीचेच गुलाम होते.

सूचना एका वेळी एक द्यावी, मुलाचे नाव आधी घ्यावे, आणि मग थांबावे. हे थांबणे शिक्षकांना सर्वांत जड जाते. ऐकलेले समजून कृतीत उतरवायला या मुलांना अधिक वेळ लागतो; आठ-दहा सेकंद गप्प राहिले की पुष्कळदा मूल आपणहून हलते. दोन सेकंदांत सूचना दुसऱ्या शब्दांत दिली, तर त्याला पहिले वाक्य सोडून नव्याने सुरुवात करावी लागते. 'पळू नकोस' म्हणण्यापेक्षा 'चालत जा' म्हणावे, कारण पहिल्या वाक्यात काय करायचे ते सांगितलेलेच नाही.

न बोलणाऱ्या किंवा कमी बोलणाऱ्या मुलाला संवादाचे दुसरे साधन ताबडतोब मिळाले पाहिजे. चित्रकार्डे, खुणा, टॅब्लेटवरचे बोलके ॲप, टंकलेखन, जे त्याला जमेल ते. १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी सुरू केलेल्या चित्र-देवाणघेवाण पद्धतीत मूल हव्या असलेल्या गोष्टीचे चित्र समोरच्याच्या हातात ठेवते, आणि ते चित्र हातात पडताच वस्तू त्याला मिळते. आपण काही केले तर समोरचा प्रतिसाद देतो, हा संवादाचा पाया त्यातून घातला जातो. अशा साधनांमुळे मूल बोलण्याचा आळस करेल, ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे, पण संशोधन तिला दुजोरा देत नाही. २००६ साली झालेल्या एका आढाव्यात अशा साधनांमुळे कोणाचेही बोलणे कमी झाल्याचे दिसले नाही, आणि बहुतेकांचे थोडेफार वाढले. यात एक सावधगिरी हवी. मुलाचा हात किंवा कोपर धरून दुसऱ्या कोणी त्याच्याकडून अक्षरे दाबून घेण्याच्या पद्धतीत उतरणारे शब्द मदतनिसाचे असतात, हे चाचण्यांत वारंवार सिद्ध झाले आहे.

अभ्यासात अडचण कुठे येते ते विषयागणिक पाहावे लागते. काही मुले फार लवकर वाचू लागतात, उच्चार स्पष्ट असतात, पण 'मुलगी का रडली?' असे विचारले की गप्प होतात, कारण धड्यात ते कारण शब्दांत लिहिलेले नसते आणि त्यांना ते दोन ओळींच्या मधून उचलता येत नाही. त्यांना 'का' विचारण्याआधी 'काय झाले' हे चित्रांच्या क्रमातून मांडू द्यावे. ज्यांचा हात लिहिताना दुखतो त्यांना टंकलेखन करू द्यावे. उत्तर तपासायचे आहे की हस्ताक्षर, हे शिक्षकाने आधी ठरवावे. 'तुझ्या आवडीच्या विषयावर दहा ओळी लिही' हा मोकळा प्रश्न अनेकांना अडवतो, आणि त्याच प्रश्नाखाली चार लहान उपप्रश्न दिले की लेखणी चालू लागते. परीक्षेला जादा वेळ आणि शांत खोली दिल्याने मुलाला झुकते माप मिळत नाही. इतर मुलांना जे आपसूक मिळालेले असते तेवढेच त्यालाही मिळते.

मुलाच्या आवडीचा विषय, मग तो रेल्वे असो, ग्रह असोत की नकाशे, हा अभ्यासातला अडथळा समजला जातो. वास्तविक तोच शिकण्याचा सर्वांत मोठा दरवाजा आहे. रेल्वेच्या वेळापत्रकावरून वजाबाकी, अंतर, वेग, भूगोल आणि पत्रलेखन, सगळे शिकवता येते. ही आवड केवळ बक्षीस म्हणून पुढे करायची आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायची, हे मला अन्यायाचे वाटते. ज्यात मुलाचे मन विसावते ती गोष्ट सौद्याला लावू नये.

कोसळण्याचा क्षण

हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक प्रत्येक शिक्षकाला ओळखता आला पाहिजे. हट्टामागे काहीतरी मिळवायचे असते. मूल मध्येच थांबून आपल्याकडे कोणी पाहते आहे का ते बघते, आणि हवे ते मिळाले की शांत होते. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. हवी ती वस्तू दिली तरी ते थांबत नाही आणि नंतर ते थकून जाते. काही मुले ओरडत नाहीत, उलट बोलणे बंद करून बाकाखाली शिरतात किंवा डोके टेकवून निश्चल होतात. हेही तितकेच गंभीर असते आणि त्रास देत नाही म्हणून दुर्लक्षित राहते. त्या क्षणी समजावणे, प्रश्न विचारणे, रागावणे यांपैकी काहीच पोचत नाही. बोलणे कमी करावे, इतर मुलांना बाजूला न्यावे, दिवा किंवा आवाज कमी करता आला तर करावा, डोके आपटू नये म्हणून मऊ काही मध्ये घालावे, आणि वाट पाहावी. जबरदस्तीने दाबून धरणे धोक्याचे असते.

खरे काम त्याच्या आधी आणि नंतर असते. प्रत्येक प्रसंगाची नोंद तीन रकान्यांत ठेवावी: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. समजा, एक मूल रोज गणिताच्या तासाला ओरडते. साहजिकच सर्वांना वाटते की त्याला गणित नको आहे. दोन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्यावर ध्यानात येते की गणित पहिल्या तासाला असते त्या दिवशी काहीच होत नाही. ओरडणे होते ते मधल्या सुट्टीनंतर गणित असते तेव्हा. म्हणजे अडचण गणितात नसून सुट्टीतला गलका आणि जिन्यावरची रेटारेटी यांत आहे. मग उपाय सोपा होतो: मुलाला घंटेच्या पाच मिनिटे आधी वर्गात येऊ द्यावे. मधली सुट्टी ही मोकळीक समजली जाते, पण रचना नसलेला, गोंगाटाचा आणि चिडवाचिडवीला मोकळे रान देणारा हा वेळ स्वमग्न मुलासाठी दिवसातला सर्वांत कठीण असू शकतो. त्या वेळी वाचनालयात बसण्याची किंवा एखाद्या सवंगड्याबरोबर ठरलेला खेळ खेळण्याची सोय असावी.

मदतनीस, उपचार आणि घर

अनेक शाळा शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्या एकाच मुलासोबत राहणारा मदतनीस, असल्याशिवाय प्रवेश द्यायला नाखूश असतात. शॅडो टीचरचा उपयोग आहे, पण तो मुलाला चिकटून बसला की वर्गशिक्षक आपली जबाबदारी संपली असे समजतात, इतर मुले त्याच्याशीच बोलतात आणि स्वमग्न मूल भर वर्गात एकटे पडते. चांगला शॅडो टीचर दर महिन्याला थोडा मागे सरकतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या कराराचे २४वे कलम सर्वसमावेशक शिक्षणाचा हक्क मान्य करते, आणि त्यात वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारी शासनव्यवस्थेवर टाकलेली आहे. मुलाला वर्गात नुसते बसू दिल्याने ती जबाबदारी पुरी होत नाही.

उपचारांमध्ये स्पीच थेरपी (बोलणे आणि संवाद यांसाठी) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे आणि संवेदना यांसाठी) यांची गरज बहुतेकांना लागते. वर्तनोपचाराबद्दल, म्हणजे हवे ते वागणे बक्षिसे देत टप्प्याटप्प्याने शिकवण्याच्या पद्धतीबद्दल, मात्र वाद आहे आणि पालकांना तो ठाऊक असावा. ईवार लोव्हास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासात आठवड्याला ४० तास प्रशिक्षण घेतलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलांनी लक्षणीय प्रगती केल्याचे सांगितले गेले आणि ही पद्धत झपाट्याने पसरली. तिच्या सुरुवातीच्या काळात चापट मारण्यासारख्या शिक्षाही वापरल्या जात. आजची रूपे बरीच बदललेली आहेत, तरीही अनेक स्वमग्न प्रौढांचा आक्षेप कायम आहे की मूल 'सामान्य दिसावे' हेच ध्येय ठेवले तर त्याला आपली अस्वस्थता लपवायला शिकवले जाते. माझा निकष साधा आहे. जो उपचार मुलाला आपली गरज सांगायला, कपडे घालायला, रस्ता ओलांडायला आणि 'नको' म्हणायला शिकवतो, तो घ्यावा. जो त्याला हात न हलवता गप्प बसायला शिकवतो, त्यावर पैसे आणि बालपण खर्च करू नये.

घर आणि शाळा यांच्यात रोज दोन ओळींची वही फिरली तर फार काम होते. रात्री झोप झाली नाही, औषध बदलले, घरी पाहुणे आले, एवढे शिक्षकाला सकाळीच कळले की त्या दिवसाच्या अपेक्षा बदलता येतात. शाळेनेही या वहीत केवळ तक्रारी लिहू नयेत. जमलेल्या गोष्टी लिहिल्या नाहीत तर पालक ती वही उघडायलाच घाबरू लागतात.

इयत्ता बदलते तेव्हा बसलेली घडी मोडते. नवी खोली, नवे शिक्षक, नवे वेळापत्रक हे सगळे एकाच दिवशी अंगावर येऊ नये म्हणून सुट्टीतच मुलाला रिकामा वर्ग दाखवावा, शिक्षकाचे आणि बाकाचे छायाचित्र घरी द्यावे, आणि जुन्या शिक्षकाने नव्या शिक्षकासाठी एक पान लिहून ठेवावे. त्यावर निदानाची व्याख्या लिहायची गरज नाही. मूल आपली गरज कशी सांगते, कोणता आवाज त्याला सहन होत नाही, कोसळण्याच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर किंवा हातांत काय बदल दिसतो, काय केल्याने ते सावरते, कोणत्या विषयावर ते तासभर बोलू शकते आणि वर्गात त्याला कोणाच्या शेजारी बसायला आवडते, एवढे असावे. ते पान मुलाला समजेल अशा भाषेत असावे, आणि त्याला वाचता येत असेल किंवा चित्रांतून सांगता येत असेल, तर त्यातले काय खोडायचे आणि काय ठेवायचे हे त्यालाच विचारावे.